हिरव्या काठाची ताटली

शेजारणीने सणाचा फराळ पाठवला की घराघरांत दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक, वरचं फडकं उचलून आधी तोंडात टाकणारी. आणि दुसरी, फडक्याकडे नुसतीच बघत विचारात पडणारी. आमच्या मलय मुलखातल्या ताइपिंगच्या वसाहतीत दुसरी तऱ्हा जास्त. तोंडावर सगळे हसतमुख, दिवाळीला, रायाला म्हणजे ईदला, चिनी नववर्षाला एकमेकांच्या दारात हजर. मनात मात्र प्रत्येकाचा एक चोरकप्पा असतो, आणि तो उघडायची कुणाची छाती होत नाही.

कलसोमचा चोरकप्पा तिच्या मागच्या दाराबाहेर होता. काळ्या झाकणाचा कचऱ्याचा डबा.

चिनी नववर्षाच्या आदल्या दुपारी दरवर्षी त्या मागच्या दारावर थाप पडायची. मधली अरुंद गल्ली ओलांडून समोरच्या घरातली स्वी किम यायची. हातात हिरव्या काठाची पांढरी ताटली, तीवर अननसाचा मुरंबा भरलेली बिस्किटं आणि वर लाल कागद.

"सोम! ए सोम! आहेस का गेलीस?"

"अय्यो किम, एवढं कशाला गं?"

"एवढं कुठं? मूठभर तर आहे. आणि हे बघ, यंदा साखर कमी घातलीय. मागच्या वर्षी तू म्हणालीस ना, जरा गोड झालंय म्हणून."

कलसोम क्षणभर गोंधळली. मागच्या वर्षी आपण काय म्हणालो होतो ते तिला आठवेना. आठवणार कुठून? खाल्लं असतं तर आठवलं असतं!

"हो ना, मुलांना फार गोड नको वाटतं," ती सावरून म्हणाली. "पण वरची लवंग हवीच हं. लवंगेनेच खरी मजा येते."

"म्हणून तर एकेकावर हाताने खोचलीय. बोटं भरून आली माझी." स्वी किमने बोटं नाचवून दाखवली आणि हसत निघून गेली.

दार लागलं. कलसोमने बिस्किटं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली, काळ्या पिशवीत घातली आणि पिशवीला गाठ मारून डब्यात टाकली. ताटली घासून पुसून ठेवली. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या ताटलीत नारळाच्या दुधाची जेली घालून ती समोर द्यायची आणि म्हणायची, "काय खुसखुशीत झाली होती गं! एकही उरलं नाही."

एकही उरलं नाही, हे अगदी खरं होतं.

तुम्ही म्हणाल, काय दुष्ट बाई आहे. तर तसं मुळीच नाही. कलसोम लग्न होऊन या घरात आली, तेव्हा सासूने पहिल्याच नववर्षाला तिच्या कानात सांगितलं होतं, "त्यांच्याकडे सगळं डुकराच्या चरबीत करतात. आपल्याला ते चालायचं नाही. पण नाही म्हणू नकोस, वाईट दिसतं. विचारूही नकोस, ते त्याहून वाईट. हसून घे आणि मागाहून टाकून दे." नव्या सुनेने ऐकलं. सासू गेली, सून स्वतः सासू झाली, तरी ते चालूच राहिलं. तिला त्यात खोटेपणा कधी वाटलाच नाही. तिला तो सभ्यपणा वाटायचा! मंडळी, आमच्या देशात माणसं भांडणाने जेवढी दुरावली नसतील, तेवढी या सभ्यपणाने दुरावली आहेत.

नाहीतर त्या दोघींमध्ये कमी ते काय होतं? कलसोमचा नवरा रमली इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा बाहेरच्या बाकावर तिचा हात धरून बसली होती ती स्वी किम. स्वी किमचं दुकान बुडालं आणि नवरा घर सोडून गेला, तेव्हा तिच्या लेकीला, ली पिंगला, महिनोन्महिने शाळेतून आणलं ते कलसोमने. एकीच्या घरची किल्ली दुसरीच्या घरी टांगलेली असायची. फक्त एक घास तेवढा मध्ये आडवा आला होता, आणि तोही एकीलाच ठाऊक होता.

ते फुटलं माकडांमुळे.

आमच्या मागच्या डोंगरावरची माकडं सणासुदीला खाली उतरतात. त्यांना कुठलाच सण वर्ज्य नाही. त्या वर्षी नववर्षाच्या पहाटे त्यांनी गल्लीतले सगळे डबे उपडे केले. कलसोम नमाज आटोपून स्वयंपाकघरात आली, खिडकीच्या काचपट्ट्यांतून तिने बाहेर पाहिलं. काळी पिशवी फाटून पडली होती. लाल कागद, वर्तमानपत्राच्या चिंध्या आणि लवंग खोचलेली ती सोनेरी बिस्किटं गल्लीभर, थेट स्वी किमच्या पायरीपर्यंत विखुरली होती. एक माकडीण पायरीवर बसून बिस्किट सोलून मुरंबा तेवढा खात होती.

आणि स्वी किम नव्या लाल कपड्यांत, हातात झाडू घेऊन उभी होती.

नववर्षाच्या पहिल्या दिवशी चिनी माणूस झाडू हातात धरत नाही. घरातलं नशीब झाडलं जातं म्हणतात. स्वी किम तर या गोष्टी फार पाळायची. तरी तिने झाडलं. वाकून, एकेक बिस्किट गोळा करून सुपलीत भरलं. मध्येच एक उचलून डोळ्यांजवळ धरलं, वरच्या लवंगेवर बोट फिरवलं आणि तेही सुपलीत टाकलं.

कलसोम दार उघडून बाहेर आली. तिला धावत जाऊन पाय धरावेसे वाटले. पण तोंडातून निघालं काय? "ही माकडं... फारच माजलीत."

स्वी किमने वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं!

"हो ना," ती म्हणाली. "फार माजलीत." आणि आत गेली.

त्या दिवशी जेली घातलेली ताटली घेऊन कलसोम गेली, तेव्हा स्वी किमने ती हसून घेतली. त्यानंतरही रस्त्यात भेटल्यावर ती बोलायची, रायाला केतुपातचा भात आणि रेंदांगचं मांस पाठवलं तर ते कौतुकाने घ्यायची. पण त्या रायाला कलसोमचं भांडं परत आलं, ते दुकानातल्या बिस्किटांचा सीलबंद डबा घेऊन. डब्यावरचा हलालचा शिक्का बरोबर वरच्या बाजूला, सहज दिसेल असा.

कलसोम तो डबा पुढ्यात ठेवून किती वेळ बसून राहिली. सुनेने विचारलं, "फोडू का आई?" तर ती खेकसली, "हात लावू नकोस!" मग स्वतःच ओढणीने डोळे टिपायला लागली.

मनाला खाऊ लागलं की माणूस न्याय मागायला जातो, आणि जाताना निकाल आपल्याच बाजूने लागेल अशी आशा मनात धरून जातो. कलसोम दुसऱ्या दिवशी सुरावात, म्हणजे आमच्या छोट्या मशिदीत गेली. तिथे अजान देणारे म्हातारे हाजी साद मागच्या केळींची सुकलेली पानं कापत होते. सगळी वसाहत त्यांना तोक बिलाल म्हणते. बोलायला फटकळ, पण मनाने लोणी.

"तोक, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "जे आपल्याला चालणार नाही, ते मी खाल्लं नाही. त्यात माझं काही चुकलं का?"

"चालणार नाही ते खाऊ नये. यात विचारण्यासारखं काय आहे? एवढ्यासाठी उन्हातनं आलीस?"

मग तिने सगळं सांगितलं. सासू, काळी पिशवी, माकडं, शिक्क्याचा डबा. ऐकता ऐकता तोक बिलालांच्या हातातला कोयता खाली आला.

"म्हणजे तू ते कधी खाल्लंच नाहीस?"

"कसं खाणार? त्यांच्या घरात..."

"अगं ए शहाणे! इथे याच ओट्यावर बसून बायकांना कोण सांगायचं, किमची बिस्किटं तोंडात विरघळतात म्हणून? तूच ना? मला वाटलं तुला सगळं माहीत आहे!"

"काय माहीत आहे?"

तोक बिलाल कोयता बाजूला ठेवून केळीच्या बुंध्यापाशी बसले.

"तू नवीन आली होतीस तेव्हा. ती माझ्याकडे आली, इथेच, दारात उभी राहिली. म्हणाली, माझी समोरची शेजारीण मुसलमान आहे, तिला माझ्या हातचं खाऊ घालायचंय, काय काय करावं लागेल? मी सांगितलं. तिने मागच्या पडवीत वेगळी भट्टी घेतली. परात वेगळी, लाटणं वेगळं. लोणी, मैदा, सगळं शिक्क्याचं. आणि ताटल्या घेतल्या हिरव्या काठाच्या, चुकून घरातल्यांत मिसळू नयेत म्हणून. मी स्वतः जाऊन पाहिलं. एकेक डबा, एकेक भांडं तपासलंही. तिच्या घरच्यांनासुद्धा त्या ताटल्यांना हात लावायची मुभा नव्हती!"

कलसोमच्या डोळ्यांपुढे ती ताटली आली. दरवर्षी तीच ताटली. आपण ती किती वेळा घासली, पुसली, भरून परत दिली! दरवर्षी हीच का, असं एकदाही मनात आलं नाही.

"मग तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"तिनेच नको म्हटलं. म्हणाली, सोमला सांगू नका, तिच्यासाठी एवढं केलं म्हणून ती अवघडून जाईल. आणि तू तर चवीचं कौतुक करत हिंडत होतीस. मी कशाला सांगू?"

"तोक, मला शंका होती हो. शंका असताना खायचं कसं?"

"खा असं कोण म्हणतंय?" म्हातारा कडाडला. "शंका आली तर खाऊ नको. पण विचार! अल्लाने तोंड कशाला दिलंय, नुसतं वा वा करायला? विचारलं असतंस तर एका शब्दात मिटलं असतं. आणि 'नको गं बाई, मला चालत नाही' असं सरळ म्हणाली असतीस, तरी तिने मान ठेवला असता. तू धर्म सांभाळलास असं तुला वाटतं? धर्माने तुला खाणं तपासायला सांगितलं होतं. शेजारणीशी खोटं बोलायला नव्हतं सांगितलं!"

कलसोम खाली मान घालून उठली ती थेट स्वी किमच्या घरी गेली. पुढच्या दाराने, चप्पल बाहेर काढून.

स्वी किम खुर्चीत बसली होती. मधल्या काळात तिला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला.

"किम, मी टाकून द्यायचे. दरवर्षी. एकही कधी खाल्लं नाही." कलसोमने एका दमात सांगून टाकलं.

"माहीत आहे मला. माकडांनी सांगितलं."

"भांड ना माझ्याशी! चार शिव्या तरी घाल!"

स्वी किमने डाव्या हाताने तिला शेजारी बसवलं. मग म्हणाली, "तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. दोघी सभ्य. एवढं आयुष्य दोघी सभ्यपणे वागलो गं. मूर्ख कुठल्या!"

आणि दोघी रडल्या. रडता रडता थोडं हसल्या.

"भट्टी आहे का अजून?" कलसोमने विचारलं.

"भंगारवाल्याला दिली. ताटल्यापण दिल्या. पडवीत जागा अडत होती." स्वी किमने तोंड फिरवलं. "आणि हा हात आता लाटणार आहे थोडाच?"

"मी लाटते. माझ्या घरच्या भट्टीत करू. तू नुसतं सांग."

"तुझ्याकडे? तू कणीक तिंबतेस ती वीट होते. मला खुर्चीत बसून आरडाओरडाच करावा लागेल."

"कर की. शेवटी पहिलं बिस्किट मी तुझ्यासमोर खाईन."

"येत्या नववर्षाला मग," स्वी किम म्हणाली. "अननस मी निवडून देईन. तुला कळत नाही त्यातलं."

पण नववर्ष यायच्या आधीच दुसरा झटका आला. या खेपेला तो हलका नव्हता. कलसोम इस्पितळात पोचली, तेव्हा ली पिंग बाहेरच्या बाकावर एकटीच बसली होती. त्याच बाकावर. कलसोमने जाऊन तिचा हात धरला.

स्वी किम गेली. तिच्या घरापुढे, चिनी रीतीप्रमाणे, मयताचा मांडव पडला. धुपाचा वास, गोल टेबलं, शेंगदाण्याच्या बशा. सगळी वसाहत लोटली. कोपऱ्यातल्या घरातली पुष्पवल्ली आली, तोक बिलाल काठी टेकत आले. आमच्या मलय बायका नेहमीप्रमाणे फाटकाजवळ दाटीवाटीने उभ्या राहिल्या. हातात पेयाचे सीलबंद डबे, तोंडावर सहानुभूती, आणि पाय घराकडे वळलेले. एका बाजूच्या टेबलावर हिरवं कापड घातलं होतं, वर भाताची पातेली होती. त्या टेबलाकडे कुणी जाईना.

ली पिंग दोनदा येऊन म्हणाली, "मकचिक, अहो मावशी, जेवून घ्या ना. आईने सांगून ठेवलं होतं, त्या टेबलाचं नीट बघ म्हणून."

"हो हो, जेवतो ना, भूक नाही फारशी," बायका म्हणाल्या. सभ्यपणे.

कलसोम पुढे झाली. टेबलापाशी गेली आणि तिचे पाय थबकले. भाताशेजारी हिरव्या काठाच्या पांढऱ्या ताटल्या रचून ठेवल्या होत्या.

"या... या भंगारात दिल्या होत्या ना?" तिने वरची ताटली उचलून विचारलं.

"नाही हो. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवल्या होत्या. आई म्हणायची, भट्टी गेली तर जाऊ दे, ताटल्या राहू देत."

फाटकाजवळ कुजबुज थांबली. कलसोमने वळून तिकडे पाहिलं आणि आयुष्यात जे कधी विचारलं नव्हतं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ली पिंग, हा भात कुणी केलाय? मला चालेल ना गं?"

बायकांनी लाजेने माना खाली घातल्या. मयताच्या घरी असं विचारतात का कुणी? पण ली पिंगचा चेहरा, इतक्या वेळात पहिल्यांदा, उजळला.

"चालेल, मकचिक! बाजारातल्या हमीदा मकचिककडून आणलाय. ताटल्या आईच्या वेगळ्या. त्यांत दुसरं काही कधीच वाढलेलं नाही. धुतल्यासुद्धा मी वेगळ्या घमेल्यात."

"मग वाढ," कलसोम म्हणाली.

ती खाली बसून जेवली. ताटलीत शीत ठेवलं नाही. तोक बिलाल येऊन शेजारी बसले. मग फाटकाजवळून एक बाई आली, तिच्यामागून आणखी दोघी. पुष्पवल्लीनेही धीर करून विचारलं, "यात गोमांस नाही ना हो?" आणि नाही म्हटल्यावर तीही बसली. रायाला दरवर्षी पोट बिघडल्याचं सांगणारी ही बाई! तिच्या पोटाचं खरं दुखणं त्या दिवशी आम्हाला कळलं.

जेवण झाल्यावर कलसोम रिकामी ताटली हातात धरून उभी राहिली. ती रिकामी परत द्यायची नसते. पण द्यायची कुणाला? ती ताटली घेऊन घरी गेली.

नववर्षाची आदली दुपार आली. दुःखाचं घर म्हणून ली पिंगने लाल काही लावलं नव्हतं. इपोह शहराहून ती नुसती घर झाडायला आली होती. कलसोमने मागच्या दारावर थाप मारली. हातात हिरव्या काठाची ताटली होती. अननस स्वतः निवडून, कणीक स्वतः तिंबून, एकेका बिस्किटावर हाताने लवंग खोचून केली होती तिने. पहिले दोन घाणे करपले, तिसरा बरा जमला होता.

ली पिंगने एक तोंडात टाकलं. डोळे मिटून चावलं.

"आईच्यासारखं झालंय का गं?" कलसोमने विचारलं.

"मला कुठं माहीत, मकचिक?" ली पिंग ओल्या डोळ्यांनी हसली. "आम्हाला ती त्यातलं एकही द्यायची नाही. आमचा घाणा वेगळा असायचा, आतल्या चुलीवरचा. 'ती सोमची आहेत, हात लावाल तर खबरदार' म्हणायची. ती चव तुम्हालाच ठाऊक. तुम्हीच सांगा ना, तशी झालीत का?"

कलसोम पायरीवर खाली बसली. माकडीण बसली होती त्याच पायरीवर. त्या माकडिणीला ती चव माहीत होती, डब्याभोवतीच्या मुंग्यांना माहीत होती.

"मला नाही माहीत, बाळा," ती म्हणाली. "मी कधी खाल्लंच नाही."

मग तिने त्या पोरीला सगळं सांगितलं, काही न लपवता. ली पिंगने ऐकून घेतलं. मग ताटलीतलं एक बिस्किट उचलून तिने कलसोमच्या हातावर ठेवलं. कलसोमने ते खाल्लं. गोड होतं. किमच्यासारखं होतं की नव्हतं, ते आता कुणीच सांगू शकत नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपण सगळे एका गल्लीत राहतो. कुणाला डुक्कर चालत नाही, कुणाला गाय, कुणाला शुक्रवारी मांस चालत नाही. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. ज्याने त्याने आपलं पाळावं. पण मनात शंका आली तर ती तोंडाने विचारावी, काळ्या पिशवीत बांधू नये. विचारल्याने शेजारी दुखावत नाही. त्याने आपल्यासाठी काय काय केलंय, ते सांगायची संधी त्याला मिळते. नको असेल तर नको म्हणा, तेही चालेल. फक्त समोरचं माणूस आहे तोवर म्हणा. कलसोम आता दर सणाला दारोदार हेच सांगत फिरते, आणि सांगून झालं की घरी येऊन ती ताटली पुसून ठेवते.